रात्री अकराची भूक

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ४१. थोडं आवरून, पण त्यांच्याच शब्दांत देते.

"गेल्या वर्षी मी चार महिन्यांत ११ किलो वजन उतरवलं. सकाळचं खाणं बंद केलं, दुपारी कच्च्या भाज्या, रात्री सूप. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या आठ महिन्यांत त्यातले १० किलो परत आले. अजूनही मी सकाळी काही खात नाही आणि दुपारी अगदी मोजकं जेवते. दिवस निभतो. पण रात्री सगळे झोपले की अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात जाते आणि ओट्याशी उभी राहून खाते. बिस्किटं, उरलंसुरलं, जे हाताला लागेल ते. आवाज न करता डब्याचं झाकण कसं उघडायचं ते मला आता येतं. मग साडेबाराला झोपते, साडेपाचला उठते. ज्या दिवशी पोटभर जेवते त्या दिवशीही वर गोड हवंच असतं. यजमान म्हणतात, 'तुझा मनावर ताबाच नाही.' मलाही तसंच वाटायला लागलंय. माझ्यातच काही कमी आहे का? फडताळाला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे देऊ का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं झाकणाचं वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याच घरात चोरपावलांनी खावं लागणं माणसाला फार खचवतं, म्हणून आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्यात काही कमी नाही. उपासमारीत माणसाला तगवून धरणारी जी यंत्रणा प्रत्येकाच्या शरीरात असते, ती तुमच्या शरीरात चोख काम करते आहे. कशी ते सविस्तर सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझा पुढचा सल्ला तुम्हाला पटायचा नाही. तो ऐकायला उलटा वाटेल.

भूक पोटात लागते असं आपण धरून चालतो. कावळे ओरडतात तेही पोटातच. १९१२ साली वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाच्या वॉशबर्न नावाच्या सहकाऱ्याने रबरी फुगा गिळला, तो जठरात फुगवून घेतला आणि जठर कधी आवळतं याची नोंद केली. भुकेची कळ आणि जठराचं आवळणं यांच्या वेळा जुळल्या. बराच काळ लोकांना वाटलं की भूक म्हणजे एवढंच. पण आजारापायी जठर पूर्ण काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. म्हणजे पोट निरोप धाडतं आणि निर्णय दुसरीकडे होतो.

तो होतो मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात. तिथे पेशींचे दोन गट शेजारी शेजारी आहेत. एक गट जागा झाला की खावंसं वाटतं, दुसरा जागा झाला की पुरे वाटतं. २०११ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतल्या या भुकेच्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने चालू केल्या. पोट भरलेले उंदीर काही मिनिटांत पुन्हा खायला लागले, आणि अधाशासारखे. त्या उंदरांना कोणी 'मनावर ताबा नाही' म्हणणार नाही. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: भुकेल्या उंदरासमोर अन्न नुसतं आणून ठेवलं तरी याच पेशी क्षणात शांत होऊ लागतात, पहिला घास घेण्याआधीच. म्हणजे मेंदू फक्त पोट किती भरलंय ते पाहत नाही, पुढे काय मिळणार आहे त्याचाही अंदाज बांधत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पोटाकडून जाणारा भुकेचा निरोप म्हणजे घ्रेलिन. १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना हे संप्रेरक (हार्मोन) सापडलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी रक्तात चढतं आणि जेवल्यावर उतरतं. त्याला रोजच्या वेळा माहीत होतात. एक वाजता जेवायची सवय असेल तर ते एकच्या आधी चढू लागतं; आणि त्या वेळी जेवला नाहीत तरी काही वेळाने आपलं आपण खाली येतं. भूक लाटेसारखी येऊन ओसरते ती यामुळे. तुम्ही आठ-नऊ महिने रोज रात्री अकराला खाताय. तुमचं शरीर आता त्या वेळेची वाट बघत असलं तर नवल नाही.

पोट भरल्याचे निरोप मात्र बरेच आहेत आणि ते सावकाश पोचतात. जठर ताणलं गेलं की व्हेगस नावाची मज्जातंतूंची दोरी ती खबर मेंदूच्या देठाशी नेते. अन्न लहान आतड्यात उतरलं आणि त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. आणखी खालून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही दोन संप्रेरकं येतात. ती जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात आणि मेंदूला पुरे म्हणून सांगतात. हे सगळं जमून यायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. ओट्याशी उभ्याने पाच मिनिटांत खाल्लेली बिस्किटं या सगळ्याच्या आधीच संपलेली असतात. त्यात चावण्यासारखं काही नसतं, प्रथिनं नसतात, तंतू नसतात.

आता तुमच्या पत्राचा गाभा, ते परत आलेले १० किलो.

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मजात अतिलठ्ठ निघाले. खायचे थांबतच नव्हते. नंतर तशीच दुसरी एक जात सापडली. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने या उंदरांचं रक्ताभिसरण सामान्य उंदरांशी जोडून पाहिलं. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर सामान्य उंदराला जोडल्यावर कमी खाऊ लागला आणि बारीक झाला. दुसऱ्या जातीच्या बाबतीत उलटंच झालं. लठ्ठ होता तसाच राहिला आणि त्याला जोडलेला सामान्य उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. कोलमनने यातून तर्क केला की पहिल्यात 'पुरे' सांगणारा कसला तरी पदार्थ तयारच होत नाही, आणि दुसऱ्यात तो भरपूर असतो पण मेंदूला ऐकू येत नाही. तो पदार्थ सापडायला १९९४ उजाडलं. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला आणि त्याचं नाव पडलं लेप्टिन. तो कुठे तयार होतो माहीत आहे? चरबीत. ज्या चरबीला आपण निव्वळ ओझं समजतो, ती दिवसरात्र मेंदूला सांगत असते की घरात साठा किती आहे.

१९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी नात्यातल्या दोन भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही मुलं लहान वयातच प्रचंड लठ्ठ होती आणि त्यांची भूक कशानेच शमत नव्हती. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर त्यांची भूक इतर मुलांसारखी झाली. वर्षानुवर्षं त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना लोक काय काय बोलले असतील, याचा मी नेहमी विचार करते.

साहजिकच सगळ्यांना आशा वाटली की लेप्टिन दिलं की वजनाचा प्रश्न मिटला. तसं झालं नाही. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं आणि मेंदू त्या जास्तीच्या लेप्टिनकडे फारसं लक्ष देत नाही. ते कमी झालं, की मात्र तो लगेच सावध होतो. तुम्ही खाणं एकदम कमी केलंत तेव्हा काही दिवसांतच तुमचं लेप्टिन घसरलं असणार, चरबी घटण्याच्या कितीतरी आधी. मेंदूला तुमचं नवं माप किंवा लोकांचं कौतुक दिसत नाही. त्याला एवढंच कळलं की साठा झपाट्याने संपतोय, बाहेर दुष्काळ असणार. मग त्याने भूक वाढवली, अन्नाचे विचार वाढवले आणि शरीराचा खर्च कमी केला.

हे किती टिकतं? २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जाड माणसांना १० आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं. सरासरी १३ किलोच्या वर वजन उतरलं. एक वर्षानंतर पुन्हा रक्त तपासलं तेव्हाही घ्रेलिन सुरुवातीपेक्षा चढलेलंच होतं, लेप्टिन आणि पीवायवाय उतरलेलं होतं आणि भूकही पूर्वीपेक्षा जास्त होती. तुमचे आठ महिने या वर्षभरात मोजून पाहा.

मनाच्या ताब्याबद्दल सांगायचं तर मला १९४४-४५ चा अमेरिकेतल्या मिनेसोटातला प्रयोग आठवतो. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे समजावं म्हणून ३६ निरोगी तरुण स्वतःहून उपाशी राहायला पुढे आले. हत्यार धरणार नाही या तत्त्वासाठी सैन्यात जायला नकार दिलेले हे लोक. मनाचे कच्चे नक्कीच नव्हते. २४ आठवडे अर्धपोटी राहिल्यावर त्यांचं वजन सुमारे पाव भागाने उतरलं. तोवर ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले होते, ताटल्या चाटत होते, एकेक जेवण तासभर पुरवत होते, आणि काहींनी चोरून खाल्लं. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळायला लागलं तरी कित्येक आठवडे त्यांना जेवून उठल्यावरही भूक जाणवत होती. तत्त्वासाठी जगाशी भांडलेल्या माणसांचं असं झालं. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद तेवढा वाचून दाखवा.

मग रात्रीच का, हा प्रश्न राहतो. एक कारण शरीरातलं घड्याळ. काही निरोगी माणसांना बाहेरच्या उजेडाचा आणि वेळेचा पत्ता लागू न देता तपासलं, तेव्हा त्यांची भूक जैविक घड्याळानुसार सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त भरली. सकाळी न खाता तुमचा दिवस निभतो तो यामुळेही. पण तेव्हाचं राहिलेलं खाणं मेंदू विसरत नाही, रात्रीच्या चढत्या भुकेत ते वसूल करतो. दुसरं कारण तुमची पाच तासांची झोप. २००४ सालच्या एका छोट्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं, तर भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं. ओढ वाढली ती गोड आणि पिठूळ पदार्थांची. मी निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीत पहाटे तीनला भूक नसताना खात असे, आणि कधीच फळ किंवा उकडलेलं अंडं खावंसं वाटलं नाही, नेहमी गोडच. तेव्हा मी स्वतःला खूप दोष दिला होता. आज तो दोष मी तुम्हाला देऊ देणार नाही.

जेवणानंतरच्या गोडाचं उत्तर सोपं आहे. एकच चव खाऊन खाऊन तिचा आनंद उतरतो, पण न खाल्लेल्या चवीचा उतरत नाही. म्हणून पोट तुडुंब असतानाही वेगळ्या चवीला जागा होते. यात बिघाड कसलाच नाही.

आता काय करायचं ते. उलटं वाटेल म्हटलं होतं ते हेच: सकाळी खायला लागा. रात्रीचं बंद करायच्या आधी, आणि रात्री कितीही खाल्लं असलं तरी दुसऱ्या सकाळी. 'काल एवढं खाल्लंय, आज काही नको' हाच धागा तुम्हाला पुन्हा अकरा वाजता ओट्याशी आणून उभा करतो. उठल्यावर दीड-दोन तासांत काहीतरी, दुपारी व्यवस्थित जेवण, चार-पाचच्या सुमाराला पुन्हा थोडं, आणि रात्रीचं जेवण. प्रत्येक वेळी त्यात प्रथिनं असू द्या: डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-दही, मासे, जे तुमच्याकडे चालत असेल ते. प्रथिनं आणि चावून खायच्या तंतुमय गोष्टी आतड्यातून पुरे सांगणारे निरोप जोरात पाठवतात. नुसत्या सुपावर आणि कच्च्या भाज्यांवर जठर ताणलं जातं खरं, पण त्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात, म्हणून आतड्यातून निघणारे निरोप क्षीण राहतात. बटाट्याला उगाच घाबरू नका. १९९५ मध्ये ३८ पदार्थ समान उष्मांकाच्या मापाने खायला देऊन पाहिले, त्यात सगळ्यात जास्त पोट भरल्यासारखं वाटायला लावणारा उकडलेला बटाटा निघाला.

याने वजन लगेच उतरेल असं मी म्हणत नाही. पहिले काही आठवडे काटा जागचा हलणारही नाही कदाचित, आणि मला तो हलायला नकोच आहे. आधी मेंदूची खात्री पटू दे की दुष्काळ संपला. पुढे काय मिळणार याचा तो अंदाज बांधतो असं वर म्हटलं ना, तो अंदाज बदलायला त्याला रोज त्याच वेळी अन्न यावं लागतं. वजनाचं त्यानंतर बघू, आणि या वेळी चार महिन्यांत ११ किलो असं नको.

बसून, ताटलीत घेऊन खा. रात्री अकराला खाल्लं तरी. दिवा लावा, डब्याचं झाकण खुशाल वाजू द्या, चार बिस्किटं घ्यायची असतील तर ती ताटलीत मांडून खुर्चीवर बसा. यामागे फक्त मायेपोटीचा आग्रह नाही. १९९८ च्या एका अभ्यासात, नुकतंच घडलेलंही लक्षात न राहणाऱ्या रुग्णांना जेवण झाल्यावर थोड्याच वेळात पुन्हा ताट वाढलं, तर त्यांनी दुसऱ्यांदाही जेवण केलं, कारण पहिलं आठवतच नव्हतं. पुरे वाटण्यात 'मी खाल्लंय' ही आठवणसुद्धा मोजली जाते. अंधारात, उभ्याने, घाईत खाल्लेल्याची आठवण राहत नाही. फोनकडे बघत खाल्लेल्याचीही नाही. गोडही असंच, हवं असेल तर जेवणासोबत वाढून घ्या. ज्याला पूर्ण बंदी असते तेच रात्री हाक मारतं.

झोपेची अर्धा तास तरी भर घाला. साडेपाचला उठणं टळत नसेल तर बाराला आडव्या व्हा, मग हळूहळू साडेअकराला.

एकदा डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि तुम्ही कुठली औषधं घेत असाल तर ती सांगा. स्टेरॉइड, मधुमेहाची काही औषधं, मनोविकारांवरची काही औषधं भूक वाढवतात. ती मनाने बंद करू नका, बदलून मिळतात का ते विचारा. आणखी एक, हे जरा जपून लिहिते: खाताना थांबताच येत नाही, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं, नंतर स्वतःची शिसारी येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांहून जास्त काळ होत असेल, तर त्याला बिंज इटिंग म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला कमीपणा मानू नका. झोपेतून उठून खाल्लं जात असेल तर तेही सांगा.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणी ना कोणी सुचवेलच. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निकामी होतं. सेमाग्लुटाइडसारखी औषधं त्याच्याच धर्तीवर बनवलेली, पण आठवडाभर टिकणारी आहेत. ती घेणारी बरीच माणसं सांगतात की डोक्यात चोवीस तास चाललेली अन्नाची बडबड थांबली. माणूस तोच, स्वभाव तोच, फक्त निरोप बदलला. आणि औषध बंद केल्यावर बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं. त्यांचे फायदे-तोटे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. कोणाचं बघून घ्यायची ती गोष्ट नाही.

राहिला कुलुपाचा प्रश्न. लावू नका. घरात किल्लीवाला आणि चोर अशी वाटणी झाली की झाकण आणखी हळू उघडायला शिकाल, एवढंच. बिस्किटांचा डबा डोळ्यांसमोरून हलवून वरच्या फळीवर ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने मदत होते. यजमानांना मदत करायचीच असेल तर त्यांना सांगा की दुपारी चारला एक फोन करून 'काही खाल्लंस का' एवढं विचारा. तीन आठवडे हे करून बघा आणि रात्री अकराला काय होतंय ते मला कळवा, सुधारलं असेल तरी आणि नसेल तरी.